उधन्यात पृथ्वी कमी ओढते

पृथ्वी सगळ्यांना सारखीच ओढते, असं मी दहावीच्या पेपरात दोन मार्कांसाठी लिहिलं होतं आणि मला दोन्ही मार्क मिळाले होते. त्यामुळे चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरात, सुरतेला लागून असलेल्या उधन्यातल्या आमच्या खोलीत, पृथ्वी कमी ओढत असल्याचं माझ्याच हातून सिद्ध झालं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो ते दोन मार्क परत करावे लागतील का, हा.

प्रकरण सुरू झालं प्लेगमुळे. प्लेगमध्ये अर्धं सुरत पळालं, कॉलेज बंद पडलं, आणि परत सुरू झालं तेव्हा आमचे प्रयोग मागे राहिलेले. फिजिक्सचे सर म्हणाले, लंबकाचा प्रयोग घरीच करा, आकडे जर्नलमध्ये लिहून आणा. प्रयोग सोपा आहे. दोरीला वजन बांधायचं, झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागले ते बघायचं, आणि दोरीच्या लांबीवरून गुरुत्वत्वरण काढायचं. गुरुत्वत्वरण म्हणजे, वरून सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो तो आकडा. तो नऊ पॉइंट आठ असतो. आमच्या वर्गातल्या एकसष्ट जणांनी नऊ पॉइंट आठ आधी लिहिलं आणि मग तिथून मागे मागे चालत सेकंदांपर्यंत आले. मी एकट्यानं प्रयोग केला. याचा मला पुढे फार त्रास झाला.

सामान जमवलं. छताला हिंचक्याची, म्हणजे झोपाळ्याची, कडी होतीच. सुरतेत माणूस खोली भाड्यानं घेताना नळाआधी कडी बघतो. सरलामावशींच्या किराणा दुकानातून दोनशे ग्रॅमचं वजन मागून आणलं. घड्याळ माझं. राहिली लांबी मोजायची. घरात फूटपट्टी होती, पण तिचे पहिले चार सेंटिमीटर कुणीतरी चघळले होते. तेव्हा मी बापूंची काठी घेतली.

बापूंच्या काठीबद्दल थोडं सांगायला हवं. माझे वडील, निंबा त्यांचं नाव, भूपेंद्रभाई शेठच्या लूमखात्यात घडीच्या टेबलावर होते. लूमवरून उतरलेलं कापड मीटरच्या लाकडी काठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत घडी घालायची, आणि किती भरलं ते चिठ्ठीवर लिहायचं, हे त्यांचं काम. काठी जुनी, अंगावर सरकारी शिक्का मारलेली. टोकं झिजली म्हणून बापूंनी दसऱ्याला, हत्यारांच्या पूजेआधी, स्वतःहून ती एका पितळेच्या कारागिराकडे नेली आणि दोन्ही टोकांना टोप्या बसवून आणल्या. कारागीर देवळांचे कळस करणारा होता. त्यानं टोप्या बसवल्या त्याही कळसासारख्याच, वर गोंडा काढून. काठी अशी काही दिसू लागली की, घडीवाल्याच्या हातात असली तरी भालदाराची वाटावी. पितळ चोरीला जाऊ नये म्हणून बापू ती रोज संध्याकाळी घरी आणत आणि खाटेखाली ठेवत.

आणि त्याच दसऱ्यापासून शेठच्या खात्यात कापड कमी भरू लागलं होतं.

बीमवर, म्हणजे लूमच्या मागच्या रुळावर, हजार मीटर ताणा, म्हणजे उभा धागा, चढतो. विणताना थोडं आकसतं, ते सगळ्यांना ठाऊक. पण आता हजारामागे वर आणखी ऐंशी-नव्वद मीटर नाहीसे होत होते. ताणा बीमवर बरोबर चढत होता, लूमवर बरोबर विणला जात होता, आणि बापूंच्या टेबलावर पोचेपर्यंत गायब. मीटरवर मजुरी घेणारे कारागीर म्हणत, आमचे मीटर निंबा खातो. शेठ म्हणत, माझे मीटर निंबा नेतो. या दोघांचं गेल्या पंधरा वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे माझे वडील.

"निंबाभाई, कापड कंई वराळ थईने ऊडी जाय छे?" कापड वाफ होऊन उडतं का, असं शेठनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, आणि उत्तरायणापर्यंतची, म्हणजे संक्रांतीपर्यंतची, मुदत दिली होती. हिशेब लागला नाही तर पतंगाच्या दिवसापासून कामावर येऊ नये. शेठनं 'चोर' हा शब्द वापरला नव्हता. बापूंना त्याचंच वाईट वाटलं होतं. शब्द वापरला असता तर नाही म्हणता आलं असतं.

तर मी काठी घेतली, कडीपासून वजनाच्या मध्यापर्यंत बरोबर एक काठीभर, म्हणजे एक मीटर दोरी ठेवली आणि झोका दिला.

वीस झोक्यांना बेचाळीस सेकंद लागले.

गणित केलं. आठ पॉइंट पंच्याण्णव.

परत झोका दिला. बेचाळीस. पंखा बंद केला, खिडकी लावली, श्वास रोखून धरला. बेचाळीस. तेवढ्यात माय भाजी घेऊन आली. दारं-खिडक्या बंद, पोरगा खाटेवर उभा, समोर किराणा दुकानाचं वजन डुलतंय.

"काय करी ऱ्हायना रे?" ती अहिराणीत म्हणाली. "तुना बापले चोर म्हणी ऱ्हायनात, अन् तू दोरी झुलाडी ऱ्हायना!"

"माय, आपल्या घरात गुरुत्वाकर्षण कमी आहे."

"आपल्या घरात कोणतं जास्ती शे?" असं म्हणून ती भाजी निवडायला बसली.

मी जर्नलात खरा आकडा लिहिला. सरांनी तो बघितला, चष्मा काढला, परत लावला. "प्रमोद," ते म्हणाले, "एकतर तू चुकला आहेस, नाहीतर उधना चुकलं आहे. दोघांपैकी एक दुरुस्त करून आण." आणि जर्नल सहीशिवाय परत दिलं.

मी प्रामाणिकपणे आधी स्वतःला तपासलं. दोरी ताणते का पाहिलं. घड्याळ रेडिओवरच्या बातम्यांशी लावून पाहिलं. भागाकार तीनदा केला, पायची किंमत पुस्तकातून पुन्हा उतरवली. सगळं बरोबर होतं. काठी मात्र तपासली नाही. तिच्यावर सरकारी शिक्का होता हे खरं, पण न तपासण्याचं कारण ते नव्हतं. तेव्हा लोक बापूंच्या हाताखालची प्रत्येक वस्तू तपासत होते. त्यांत आणखी घरातल्याची भर नको, असं मला वाटलं.

म्हणजे उरलं उधना.

सरलामावशींचं वजन परत करायला गेलो तेव्हा मी हे सहज बोलून गेलो. ही चूक होती. सरलामावशींच्या दुकानात बोललेली गोष्ट पुढच्या गल्लीत गॅस सिलिंडरच्या आधी पोचते. संध्याकाळी आमच्या ओट्यावर सभा भरली. अध्यक्षस्थानी अर्थातच धुडकूआबा. ते मिलमधून निवृत्त होते आणि प्रत्येक विषयात कार्यरत होते.

"बोरिंग," आबांनी निकाल दिला. "घराघरात बोरिंग पाडलं. खालून पाणी काढून काढून जमीन पोकळ केली. पोकळ वस्तू ओढेल कशी?"

"नाही आबा, प्लेगमध्ये ती पांढरी पावडर मारली ना, तिनं," हिलालभाऊ म्हणाले. हे बापूंच्याच खात्यात लूम चालवत आणि बापूंशी तेव्हा अर्धवटच बोलत. "उंदीर मेले, तसं हेही थोडं मेलं असेल."

"म्हणजे आपण हलके झालो का रे?" सरलामावशींनी विचारलं. त्यांच्या स्वरात आशा होती.

मी समजावलं, वस्तुमान आणि वजन वेगळं. तुमच्यात जेवढा माल आहे तो तेवढाच. पृथ्वी त्याला ओढते किती, ते कमी झालं. सगळ्यांनी गंभीरपणे मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशीपासून शब्दाचा वापर सुरू झाला. गिऱ्हाईक सरलामावशींना म्हणू लागलं, "गुरुत्व कमी आहे, वर दोन मुठी टाका." तराजूत दोन्ही पारड्यांना पृथ्वी सारखंच कमी ओढते, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला उभं राहून समजावलं, गिऱ्हाइकांना समजलं, पण दोन मुठी हव्याच होत्या. हिलालभाऊ कामावर उशिरा पोचले तर पायाला जमीन धरत नाही म्हणत. धुडकूआबा आजवर गुडघ्यांना नावं ठेवत होते; आता त्यांचे गुडघे बरे झाले आणि गुरुत्व बिघडलं.

तेव्हा कुणीतरी शास्त्रीय शंका काढली. "हे फक्त उधन्यात, का सगळीकडे? सचिन गावाला जाऊन बघून ये."

मी गेलो. सचिनला माझे मामा एका रंगकारखान्यात होते. त्यांच्या खोलीच्या कडीला सरलामावशींकडून पुन्हा मागून आणलेलं वजन बांधलं, बापूंच्या काठीनं दोरी मोजली, झोका दिला. बेचाळीस सेकंद. पुढच्या रविवारी कडोदऱ्याला हिलालभाऊंच्या साडूकडे गेलो. बेचाळीस. म्हणजे साथ हायवेपर्यंत पसरली होती. साडूनं मला निघताना खालच्या आवाजात विचारलं, "औषध निघालंय का यावर?"

मग बातमी शेठपर्यंत गेली. शेठ भूपेंद्रभाई व्यवहारी माणूस. ते घाबरले नाहीत, रागावले नाहीत. "ओछुं थयुं? तो सारुं," ते म्हणाले, कमी झालं तर बरंच झालं, आणि माल उचलणाऱ्यांना त्या दिवसापासून एका खेपेला दोनऐवजी कापडाचे तीन ताके न्यायला सांगितले. संध्याकाळी ते सगळे आमच्या दारात उभे. मी खिडकीतून बोललो. दारात आलो असतो तर पृथ्वी नेमकी किती ओढते, हे त्यांनी मला उचलून दाखवलं असतं.

त्या रात्री बापू माझ्या शेजारी जेवायला बसले. कान लूमच्या आवाजात गेलेले, त्यामुळे ते कमी बोलत. ताट सरकवून ते म्हणाले, "परमोद, एक विचारू?"

बापूंनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हे तुझं गुरुत्व कमी झालं, तर कापड कमी भरतं का?"

भरत नाही. गुरुत्वाचा आणि लांबीचा काहीएक संबंध नाही. हे मी कुठल्याही परीक्षेत दोन ओळींत लिहिलं असतं. पण बापू माझ्याकडे बघत होते, उत्तरायण पाच दिवसांवर होतं, आणि अख्ख्या सुरतेत त्यांच्या बाजूनं उभं राहू शकेल अशी पृथ्वी सोडून दुसरी कोणी उरलेली नव्हती.

"बघावं लागेल," मी म्हणालो. "तसा सरकारी दाखला काढावा लागेल."

"मिळेल?"

"मिळेल."

खोटं बोलणाऱ्याला गुरुत्वाकर्षण नीट जाणवतं. ते कुठेही कमी झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लूमखात्याला लाइटची, म्हणजे वीजकपातीची, सुट्टी होती. मी दोरी, वजन आणि काठी घेऊन वजनमापाच्या सरकारी कचेरीत गेलो. काठी बगलेत आणि तिचे कळस पुढे-मागे. बसमध्ये एका म्हातारीनं मला वाट करून दिली आणि नमस्कार केला. कचेरीत तीन खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरी बंद होती, तिसरीत एक कारकून चणे खात बसले होते. त्यांनी फॉर्म पुढे केला. तक्रारीच्या प्रकारासमोर चार रकाने: वजन कमी, माप कमी, शिक्का नाही, इतर. मी 'इतर'मध्ये 'गुरुत्वत्वरण कमी' लिहिलं.

त्यांनी वाचलं. चणा हातातच राहिला.

"कया दुकानदारनुं?"

"दुकानदाराचं नाही साहेब. पृथ्वीचं."

"पृथ्वीनुं लायसन्स आपणे त्यांथी छे?"

"नाही."

"तो पछी?" त्यांनी फॉर्म परत सरकवला. ते चिडले नव्हते. पृथ्वीबद्दल त्यांच्या मनात आकस नव्हता, ती फक्त त्यांच्या कक्षेत येत नव्हती. मी म्हणालो, साहेब, माझ्या वडिलांची नोकरी आहे यावर. ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "देखो, हम सिर्फ चीज चेक करते हैं. चीज लाया है?"

मी दोरी पुढे केली. दोरी खात्यात येत नव्हती. दोनशे ग्रॅमचं वजन दिलं. त्यांनी ते काचेच्या पेटीतल्या तराजूत ठेवलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एकदम बराबर." सरलामावशी निर्दोष सुटल्या. मग त्यांनी काठीकडे बोट केलं. ती मी बाजूला भिंतीला टेकवली होती.

"वो नहीं साहेब, वो ठीक है."

"चीज है ना?"

टेबलावर एक लोखंडी पट्टा बसवलेला होता. दोन्ही बाजूंना खाच. दोन्ही खाचांमध्ये मीटर नेमका बसला पाहिजे. कारकुनांनी बापूंची काठी एका खाचेत टेकवली आणि दुसरं टोक खाली आणलं. ते बसलं नाही. पितळी कळस खाचेच्या बाहेर, हवेत चमकत होता. त्यांनी उलटं करून पाहिलं. दुसरा कळस बाहेर. त्यांनी चण्यांचा कागद गुंडाळून खिशात ठेवला आणि उभे राहिले.

"अरे जशुभाई! मगनभाई! आवो, आवो!" ते आत ओरडले. "लांबुं मीटर! लांबुं मीटर आव्युं छे!"

सगळी कचेरी गोळा झाली. दुसरी खिडकीही उघडली. कुणी काठीला हात लावला, कुणी लांबूनच पाहिलं. कारकून माझा हात धरून म्हणाले, "बावीस वरसनी नोकरी. बधा टूंकुं मीटर लावे. लांबुं लावनारो तुं पहेलो." आखूड मीटर पकडण्यातच त्यांची बावीस वर्षं गेली होती; त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते.

त्यांनी माप लिहिलं: एकशे नऊ सेंटिमीटर पाच मिलिमीटर.

मी तिथल्याच बाकावर बसलो. खिशातून कागद काढला. दोरी एक मीटर नव्हतीच, एकशे साडेनऊ सेंटिमीटर होती. आठ पॉइंट पंच्याण्णवला एक पॉइंट शून्य नऊ पाचनं गुणलं. नऊ पॉइंट आठ आलं. पृथ्वी जागच्या जागी होती, ती मला दर रविवारी तेच सांगत होती. मग हजाराला एक पॉइंट शून्य नऊ पाचनं भागलं. नऊशे तेरा. हजार मीटरमागे सत्त्याऐंशी नाहीसे. ते कुणी खाल्ले नव्हते, कुणी नेले नव्हते. ते नऊशे तेरामध्ये घडी होऊन बाजारात गेले होते. आणि बाजारातल्या एकाही व्यापाऱ्यानं तीन महिन्यांत तक्रार केली नव्हती.

काठी बेकायदा ठरल्यामुळे कचेरीनं जप्त केली. मी फार विनवलं, पण उपयोग झाला नाही. आता ती त्यांना हवीच होती. बदल्यात पावती दिली, गोल शिक्क्याची: लाकडी मीटर एक, दोन्ही टोकांस पितळी कळस, लांबी अमुक, लांब असल्याकारणे जप्त.

घरी आल्यावर मी बापूंना सगळं सांगितलं, कानाजवळ तोंड नेऊन, दोनदा. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी पावती हातात घेतली, 'पितळी कळस' या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे मीच."

"बापू, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

"मीच ना पण."

माय चुलीपासून उठली, पावती त्यांच्या हातातून काढून देवापुढे ठेवली. "चोर नही शे ना? मंग बस," ती म्हणाली. "येडा शे, ते माले लगीनपासून माहीत शे."

सकाळी बापू मला घेऊन शेठकडे गेले. शेठनं पावती दोनदा वाचली. हिलालभाऊ आणि दोन कारागीर लूम सोडून येऊन उभे राहिले.

"मारा मीटर?" शेठ म्हणाले.

"बाजारात, शेठ," मी म्हणालो.

"बाजार पाछा आपसे?"

बाजार काही परत देत नाही, हे शेठनाही ठाऊक होतं. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. मग त्यांनी विचारलं, या टोप्या बसवल्या कुणी? पावतीवर नाव नव्हतं. बापू गप्प राहिले असते तर ती गोष्ट कारागिराच्या, नाहीतर दसऱ्याच्या नावावर खपली असती. मी त्यांचा सदरा मागून ओढला.

"मी," बापू म्हणाले.

"केम?"

"काठी झिजली होती शेठ. दोन दोरे, पाव इंच, कमी भरत होती. घेणाऱ्याला कमी कापड जात होतं. तुमचं नाव खराब झालं असतं."

शेठच्या चेहऱ्यावर त्या वेळी किती गोष्टी एकमेकींना ओढत होत्या, ते मोजायला माझ्याकडे उपकरण नव्हतं. शेवटी त्यांनी पोऱ्याला न बोलावता स्वतः उठून बापूंसाठी खुर्ची पुढे केली. "बेसो निंबाभाई," ते म्हणाले. घडीच्या टेबलापाशी बापू सात वर्षं उभे होते. त्यांनी खुर्ची पाहिली, तिच्यावर हात ठेवला आणि उभेच राहिले. हिलालभाऊ खाली बघून म्हणाले, "बसा ना निंबाभाऊ." तेव्हा बसले.

ताके पुन्हा एका खेपेला दोन झाले. सरांनी जर्नलवर सही केली आणि विचारलं, "कोण चुकलं होतं?" मी म्हणालो, "कुणीच नाही सर, थोडी पूजा जास्त झाली होती." त्यांनी पुढे विचारलं नाही. गल्लीत मात्र गुरुत्व अजून कमीच आहे. धुडकूआबांना नऊ पॉइंट आठ मान्य नाही. त्यांचे गुडघे ते पुरावा म्हणून दाखवतात.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी शेठनं नवीन मीटर आणलं, पोलादी, ताज्या शिक्क्याचं. त्याच संध्याकाळी बापूंनी ते घरी आणलं आणि म्हणाले, "ते दोरीचं दाखव." मी सरलामावशींकडून वजन आणलं, बापूंनी स्वतः दोरी मोजून कापली. मी घड्याळ धरलं, ते झोके मोजत होते, ओठ हलवत. वीस झाले.

"किती?"

"चाळीस सेकंद."

"चांगलं की वाईट?"

"चांगलं, बापू."

ती दोरी त्यांनी गुंडाळून कामावर नेली, आणि सरलामावशींचं वजनही, जे त्यांना अजून परत मिळालेलं नाही. आता दर सोमवारी, लूम सुरू व्हायच्या आधी, बापू घडीच्या टेबलावरच्या हुकाला ते बांधतात. हातात माझं घड्याळ. सुरुवातीला शेठनं एकदा विचारलं होतं, "निंबाभाई, आ शुं करो छो?"

"पृथ्वी तपासतोय, शेठ," बापू म्हणाले. "ती बरोबर निघाली, की कापड घेतो."